एवारिस्तोने न दाखवलेला ट्राउट

आमच्या आलुमिने नदीवर गळाची काठी घेऊन उभे राहणारे पुष्कळ. पण इकडे दक्षिणेत मे महिन्यात हिवाळा उतरतो; त्या कडाक्यात, पाण्यात पाय घातला की हाडं बोलायला लागतात तेव्हा, ट्राउट मासा काढावा तर एवारिस्तो काल्फिननेच. बाकीचे तेव्हा चुलीपाशी बसून उन्हाळ्यात हातून सुटलेल्या माशांची लांबी वाढवत असतात. त्यांत मीही आलोच.

एवारिस्तोने जन्मभर मेंढ्या कातरल्या. त्याच लोकरीची न् आपल्याच काळ्या कोंबडीच्या पिसांची तो गळावर खोटी माशी बांधतो. एकदा ती माझ्या मांजरीने पळवली! बरं तर बरं, मासा सोडून देताना जखम होऊ नये म्हणून तो गळाचा उलटा काटा दाबून सपाट करतो, त्यामुळे मांजरीचा ओठ वाचला. माझा हात मात्र तिने फाडला तो फाडलाच.

बायको गेल्यावर त्याची मुलगी निल्दा मागे लागली. ती नेउकेनला, शहरात, नर्स आहे. "बाबा, हा हिवाळा माझ्याकडे. गुडघे बघा तुमचे!"

एवारिस्तो म्हणाला, "मासेमारीच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, सूर्य डोंगराआड जायच्या आत, कुणाचा आधार न घेता एक ट्राउट काढला तर मी इथेच राहणार. नाही निघाला तर मुकाट्याने तुझ्या गाडीत बसेन."

"पण मला दिसला पाहिजे हं."

"दिसेल की!"

त्या दिवशी काठावरचं गवतसुद्धा कडकड मोडत होतं. निल्दा गाडीत बसली. मी बाहेर, येर्बाच्या पानांचा कडू काढा नळीने ओढत. एवारिस्तो कमरेपर्यंत पाण्यात. काठीवरच्या कड्यांत बर्फ धरायचा, दोरी अडायची. मग तो एकेक कडी ओठांत धरून वितळवायचा न् पुन्हा फेकायचा. थंडीत ट्राउट तळाशी सुस्त पडलेला असतो, ओढबिढ काही देत नाही. वाहती दोरी क्षणभर थबकते, तेवढंच. बधिर बोटांना ते काय कळणार? हा डोळ्यांनी ओळखतो.

ऊन सरकत पलीकडच्या डोंगराच्या माथ्यापुरतं उरलं, आणि दोरी थबकली. काठी वाकली. मी ओरडलो, "धर, म्हाताऱ्या!" एवारिस्तो मागे सरत सरत उथळात आला, हातमोजा दातांनी ओढून काढला, हात पाण्यात भिजवला आणि वाकला. पाण्याखाली सोनेरी कूस चमकली. एवढा मोठा! त्याने गळ सोडवला, मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला आणि जाऊ दिला.

निल्दा काच पुसत खाली उतरली. तिच्याच श्वासाने काच धुरकटली होती. "कुठाय?"

"गेला."

"बाबा! नुसता वर उचलायचा तरी!"

"या हवेत? कल्ले गोठले असते त्याचे."

"मी पाहिला ना," मी म्हणालो. "हा एवढा होता!"

"काका, तुम्हाला तर सूपमध्येसुद्धा मासे दिसतात."

"बरोबर आहे पोरीचं," एवारिस्तो म्हणाला. "दिसला पाहिजे असं ठरलं होतं. हरलो मी. कोंबड्या कोणाला द्यायच्या तेवढं बघायला हवं." आणि खरंच, काठीचे जोड सोडवायला लागला.

बोटं त्याची बिटासारखी लाल. निल्दाने हात ओढून घेतला, दोन्ही तळव्यांत चोळला. चोळता चोळता थांबली. तो हात तिने नाकाशी नेला. बुळबुळीत ट्राउटचा वास, लहानपणापासून ओळखीचा, साबणानेसुद्धा न जाणारा.

मग म्हणाली, "तुमच्या इथल्या हिवाळ्यासाठी सरपणाची गाडी उद्याच सांगते. आणि यापुढे पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही."

"मांडीपर्यंत," एवारिस्तो म्हणाला.

"गुडघा."

"अगं, गुडघाभर पाण्यात बेडूकसुद्धा मिळत नाही!"

"मग बेडकाशिवाय राहा," असं म्हणत तिने त्याचा तो ओला हात आपल्या कोटाच्या खिशात कोंबला.