ओसाकातलं खाचर

मी जपानला जाऊन आलोय असं म्हटलं, की आमच्या घरातली पोरं हळूच चपला शोधायला लागतात. त्यांनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय, की मी कुठे फुगवून सांगतो तेही त्यांना पाठ आहे. म्हणून या खेपेला लिहून काढतो. कागद उठून जात नाही.

जपानला मी कुणी मोठा माणूस म्हणून गेलो नव्हतो. मालवाहू बोटीवर भांडी घासायचो. टोकावड्याजवळच्या आमच्या पाड्यात मात्र 'पोरगा बोटीवर हापिसर आहे' अशी वदंता होती, आणि काकू अजूनही मला हापिसर म्हणते.

पण गोष्ट सुरू होते ती मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना. तेव्हा ग्रामसेवक आमच्याकडे जपानी पद्धतीची भातशेती घेऊन आला. पालापाचोळ्याचा राब भाजायचा नाही, रोपं गादीवाफ्यावर करायची, आणि आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करायची ती दोरी धरून, सरळ ओळीत. अख्ख्या पाड्यात एकट्या माझ्या बाबांनी मान डोलावली. काकू म्हणाली, "भात काय शाळेत जायचंय, रांगेत उभं करायला?" सगळा पाडा हसला. बाबांनी ओढ्याकाठच्या खाचरात दोरी ताणली.

दोरीवर वीत-वीत अंतरावर चिंध्या बांधलेल्या. एका बांधाला बाबा, समोरच्या बांधाला आई. दोघं आपापलं टोक खुंटीला अडकवायची आणि चिंधीचिंधीशी रोप लावत मधे यायची. मधे गाठ पडली की कंबर सरळ करून चार शब्द बोलायची. ते बहुतेक भांडणच असायचं.

"तुमची रोपं वर वर लागलीत. उद्या तरंगतील."

"तुजी बघ आधी. पार गाडलीस बिचाऱ्यांना."

मग पाठ फिरवून दोघं आपापल्या टोकाला. खुंटी उचलायची, दोरी एक वीत मागे घ्यायची, पुन्हा वाकायचं. दिवसभर अशी किती भांडणं व्हायची कुणास ठाऊक. पीक मात्र छातीला लागलं, हे काकूलाही कबूल करावं लागलं.

दोन-तीन पावसाळे असे गेले. मग एका आश्विनात आई तापाने गेली. भात कापायला आलेलं होतं.

त्यानंतर तिचं टोक मी धरलं. मला आवणीचा मनस्वी कंटाळा. आम्ही मधे यायचो, आणि मी फक्त "कंबर मोडली" एवढंच म्हणायचो. पुढे मी बोटीवर लागलो आणि बाबा एकटे पडले. एक टोक खुंटीला, मग चिखल तुडवत समोरच्या बांधाला जायचं, दुसरं टोक ताणायचं. एका ओळीला दोन हेलपाटे. रोपं पिवळी पडायची तरी आवणी उरकायची नाही. काका म्हणायचा, "दादा, खाचर मला अर्धलीनं दे. जेवायला आमच्याकडं ये. कशाला जीव काढतोस?"

बाबा म्हणायचे, "बघू."

आमची बोट जपानला जाणार असं मी सांगितलं, तेव्हा बाबांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "तिकडं जातोस तर एक बघून ये. ही दोरी त्यांचीच ना? मंग एकला मानूस असला, तर दुसरं टोक तो कुनाला देतो? काय जमत असंल तर खाचर मी ठेवतो. नाय तर काकाला देऊन टाकतो."

भाताच्या कापणीच्या दिवसांत आम्ही ओसाकाला लागलो. मला एक दिवसाची सुट्टी मिळाली. पाठीवर पडशी टाकून मी निघालो, तेव्हा आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, विचारता झाला, "खय चललंस?"

"शेत बघायला."

तो कठड्याला धरून हसला. "मेल्या, लोक हय येऊन घड्याळा घेतत, रेडिओ घेतत. तुज्या गावात काय शेतां संपली?"

मी मनाशी हिशेब केला होता तो मुरबाडचा. मुरबाडात एस.टी. स्टँड, चार दुकानं, एक पिठाची गिरणी, की पुढे लगेच शेत. ओसाका मोठं, तर दुकानं चाळीस धरू. गिरणीपर्यंत पोचलो की झालं. तसा मी सकाळपासून चालत सुटलो. दुकानं संपेनात. ट्राम गेल्या, पूल गेले, कारखाने गेले, पुन्हा दुकानं. रस्ता विचारला की माणूस कमरेत वाकायचा. मग मीही वाकायचो, आणि पाठीवरची पडशी सरकून माझ्या डोक्यावर यायची. हा प्रकार तीन-चारदा झाल्यावर मी रस्ता विचारणं सोडलं. शेवटी एका ट्राममध्ये बसलो आणि सगळे उतरतील तिथे उतरलो.

ऊन कलायला आलं होतं. तेव्हा दोन ओळी घरांच्या मधे, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे, मला खाचर दिसलं. एकच, आमच्या अंगणाएवढं. कापणी झालेली, पेंढ्या बांबूवर वाळत घातलेल्या. भात कुठलंही असो, कापल्यावर वास तोच येतो. मी बांधावर मटकन बसलो.

घरातून एक म्हातारी बाहेर आली. बांधावर बसलेला काळा माणूस बघून ती दचकली नाही, हे तिचे उपकार. मी पडशीची दोरी सोडली, एक टोक बांबूला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि वाकून रोपं लावायची नक्कल केली. मग हातातलं टोक सोडून दिलं, त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पसरले. म्हणजे, हे कोण धरणार?

म्हातारी तोंडावर हात धरून हसली. मग पडवीतून एक वस्तू ओढत घेऊन आली. लाकडी पट्ट्यांचा सहा बाजूंचा लांबलचक पिंजरा. आमच्याकडचं कोंबड्यांचं डालगं कुणी आडवं पाडून ताणावं, तसा. तो तिने ओल्या जमिनीवरून गडगडत लोटत नेला. मागे चौकटीच चौकटी उमटल्या. प्रत्येक कोपऱ्यात बोट टेकवून तिने दाखवलं, इथे एक रोप. दोरी नको, खुंटी नको, दुसरा माणूस नको.

आपण 'मी' म्हणताना छातीवर हात ठेवतो, ते लोक नाकावर बोट ठेवतात. तिने नाकावर बोट ठेवलं आणि तेच बोट वर करून मला दाखवलं. एकटी.

मी इतका खूश झालो, की तिला चार-पाच वेळा वाकून नमस्कार केला. पडशीने आपलं काम केलंच.

पुढच्या आषाढात मी रजेवर घरी होतो. सुताराकडून तसा पिंजरा करून घेतला होता. मी खाचरात उतरायला लागलो, तर बाबा म्हणाले, "तू भायेरच थांब. तू काय दर सालाला येनारेस? मला एकल्याला बघू दे."

काका, काकू आणि मी बांधावर उभे राहिलो. पिंजरा आमच्या चिखलातही चालला. चौकटी नीट उमटल्या. बाबा वाकले आणि लावत निघाले. काकू वाकून चौकटी मोजायला लागली. खाचराच्या मधोमध आल्यावर बाबा थांबले, कंबरेवर हात ठेवून सरळ झाले. समोर बघत जरा उभे राहिले. मग पुन्हा वाकले.

संध्याकाळी ओढ्यावर पाय धुताना ते म्हणाले, "जमतं. एकल्याला जमतं."

मी छाती काढून काकाकडे बघितलं.

"पुढल्या सालापासून खाचर तू घे," बाबा काकाला म्हणाले.

मला रागच आला. "बाबा, एवढी दिवसभर तंगडतोड करून बघून आलो मी! आणि जमतंय म्हणता ना?"

"तू बेस बघून आलास रे. तुजी काय चूक नाय." त्यांनी पायावरचा चिखल पुन्हा एकदा धुतला, तो गेलेला होता तरी. "पन त्या बायला इचारायचंस, आवनीच्या टायमाला ती बोलती कुनाशी."

"मला कुठे तिची भाषा येते?"

"ते बी खरंच," बाबा म्हणाले.

नंतरच्या आवण्यांना बाबा काकाच्या माणसांत असायचे, बायकांच्या मधोमध, पाठीवर इरलं, हात पडेल तिथे रोप. ओळ कसली ती नाहीच. एका आवणीला मी रजेवर होतो. काकू ओरडली, "बांधावर काय उभा रे हापिसर, उतर की!" मी उतरलो. बाबांनी सरकून मला शेजारी जागा दिली आणि हातात रोपांची मूठ दिली. दुपारपर्यंत आम्ही खांद्याला खांदा लावून लावत होतो. मला सारखं वाटत होतं, आता ते मला काहीतरी म्हणतील. या खेपेला मी कंबर मोडल्याचं बोलणार नव्हतो, दुसरं काहीतरी बोलणार होतो. पण ते त्यांच्या पलीकडच्या बाईला विचारत होते, तिची सून माहेराहून आली का, आणि आली तर म्हैस आता दूध देते का.