साठेकाकांच्या गराजमधला आर्गॉन

शनिवारी सकाळी दार उघडलं, तर समोर दोन पोलीस. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या आमच्या शांत टाउनहाउस कॉलनीत... आणि ते आले होते माझ्यामुळे. निदान काही अंशी तरी.

घर साठेकाकांचं. सत्तरीचे, रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनिअर, काकू गेल्यापासून एकटे. मुलगा डॅलसला. वरची खोली त्यांनी मला भाड्याने दिलीय.

दीड महिन्यापासून काकांचं काहीतरी चाललं होतं. गराजचं दार सदा बंद, खिडकीला आतून काळा कागद. एकदा त्यांना गाडीतून एक उंच सिलिंडर उतरवताना पाहिलं. दुपारी दाराच्या फटीतून निळापांढरा उजेड लखलखायचा. मी आत डोकावले तर काका हातानेच थांबवायचे, "आत नको येऊस गं."

अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला तीन वर्षं झाली, तरी आपल्यासारख्या चेहऱ्यांकडे लोक अजून दोनदा बघतात. माझा व्हिसा कंपनीच्या हातात. मला काकांबद्दल शंका यायला लागली होती... रोज त्यांच्या हातचं वरण-भात खात असूनसुद्धा.

गुरुवारी शेजारच्या लिंडाने मला पार्किंगमध्ये गाठलं. सिलिंडर कसले, तो उजेड कसला, हा माणूस आत करतो काय... सगळं एका दमात विचारलं. 'चांगले आहेत ते, मी ओळखते त्यांना' एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "आय डोन्ट नो." आणि गाडीत जाऊन बसले.

लिंडाने फोन करून बोलावलेल्या त्या पोलिसांना काकांनी शांतपणे गराजमध्ये नेलं. मीही मागोमाग गेले. आत वेल्डिंग मशीन, एक सिलिंडर आणि टेबलावर स्टेनलेस स्टीलचे चार दांडे, आरशासारखे घासलेले. बाथरूममध्ये आणि जिन्यात धरायला.

उन्हाळ्यात काका शॉवरमध्ये घसरून पडले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला कळलं तर तो डॅलसला घेऊन जाईल, ही भीती.

सिलिंडरमध्ये होता आर्गॉन. पोलिसांना त्यांनी कॉलेजात शिकवावं तसं समजावलं. हा गॅस जळत नाही, कशाशी संयोग पावत नाही. वितळलेल्या धातूवर त्याचं पांघरूण घातलं की हवा लागत नाही, जोड स्वच्छ येतो. जरा वारा आला की गॅस उडून जातो, म्हणून मोठं दार बंद. साध्या बल्बमध्येसुद्धा हाच गॅस भरतात म्हणे.

काळा कागद का, ते पोलिसांनी विचारलंच. तो उजेड नुसत्या डोळ्यांनी बघितला तर डोळ्यांना इजा होते, आणि खिडकीसमोरून लिंडाची मुलं सायकली चालवतात...

मला आत का येऊ देत नव्हते, तेही तेव्हाच कळलं. आर्गॉन हवेपेक्षा जड, खाली साठतो. रंग नाही, वास नाही, गुदमरलं तरी आधी कळत नाही. म्हणून मागचं छोटं दार ते कायम उघडं ठेवायचे आणि आत एकटेच जायचे.

पोलीस हस्तांदोलन करून गेले. माझ्याच्याने राहवेना. काकांना सगळं सांगितलं... लिंडाने विचारलेलं, मी दिलेलं उत्तर, माझ्या मनात आलेलं. त्यांनी हातमोज्यांची घडी करून ती टेबलावर ठेवली.

"तुला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण मला विचारायचंस गं. मी सांगितलं असतं."

वाटलं, आता दुसरी खोली बघ म्हणतील. तसं काही म्हणाले नाहीत. रविवारी मला जिन्यात बोलावलं, दांडा सरळ धरायला लावला आणि स्क्रू पिळायला घेतले. लिंडाही येऊन गेली. सॉरी म्हणाली, थोडी अवघडून. मी तिच्याहून जास्त अवघडले होते.

तिला तर काका नीट माहीतही नव्हते. मी त्यांच्या ताटातलं खात होते... तरी त्यांनी मला घरात ठेवून घेतलंय. थँक यू काका, हे तोंडावर म्हणायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं.