लक्षात ठेवू का?

इतक्या वर्षांनंतरही ती घटना मनातून जात नाही. मी तेव्हा पनवेलला पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी नोकरीपेशातले एक गृहस्थ कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलीला घेऊन आले. हातात ईमेलचे प्रिंट होते. 'माजी नाय झालीस तर तोंडावर ॲसिड टाकीन.' मुलीने भीतीने कॉलेज सोडलं होतं. खिडकीशीसुद्धा उभी राहत नव्हती.

ईमेल तिच्याच वर्गातल्या मुलाच्या खात्यावरून आले होते. मुलगा उरणकडच्या कोळ्याचा. दोघांचं जमलं होतं, हे वडिलांनी तोंड वाकडं करून सांगितलं. "साहेब, आजच उचला. जासईला कंटेनर यार्डात मुलाखतीला जाणार आहे तो, तिथून पळेल."

आम्ही त्याला यार्डाच्या फाटकातूनच आणलं. नोकरी तर गेल्यातच जमा होती; गुन्हा शाबीत झाला असता तर आयुष्यही गेलं असतं. मागोमाग त्याचा बाप धावत आला. "माज्या पोरानं असा काय केला नाय," एवढंच म्हणत बाकावर बसून राहिला.

आमचे हवालदार उतावीळ. "साहेब, खातं याचं, भाषा याची. अजून काय पाहिजे?" मी मात्र ओरडण्याआधी ऐकणारा. प्रिंट मुलापुढे टाकले. वाचता वाचता त्याची भीती गेली आणि राग आला.

"साहेब, आमी घरात असा बोलतो. पन असा लिवत नाय!"

मी कागद पुढे केला. "तिला लिहितोस तसं लिही." त्याने लिहिलेली मराठी शुद्ध, शाळेतल्या बाईंनी शाबासकी द्यावी अशी. म्हणजे ते 'नाय' लिहिणारा दुसराच कुणीतरी होता. कोळ्याचं पोर असंच लिहिणार, असं धरून चालणारा. माझं डोकं सणकलं.

"तुझं खातं दुसरीकडे कुठे उघडलं होतंस?"

"तिच्या घरी, निकाल बघायला. एकदाच. मशीननं काय तरी विचारला, मी 'येस' केला."

ईमेल कंपनीला विचारणा केली, पण उत्तराची वाट न पाहता मी मुलीचं घर गाठलं. कॉम्प्युटर हॉलमध्ये, भरतकामाच्या कापडाखाली. ब्राउझरमधली हिस्टरी कोरी होती.

"ही कोण पुसतं?"

"बाबा," मुलगी म्हणाली. "ऑफिसात शिकून आलेत."

गृहस्थ उठून उभे राहिले. "त्यात काय बघायचंय? धमक्या बाहेरून येतायत."

मी ईमेलचं पान उघडून त्या मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं. उरलेलं नाव ब्राउझरनेच भरलं; खाली पासवर्डाचे काळे ठिपकेही आले. गृहस्थ हिस्टरीचं अंगण रोज झाडायचे, पण पासवर्डांचं कपाट उघडंच राहिलं होतं. खातं उघडलं, म्हणजे इथे बसून कुणालाही त्याच्या नावाने लिहिता येत होतं. पाठवलेल्या पत्रांत सगळ्या धमक्या ओळीने होत्या. गृहस्थ कॉम्प्युटरच्या आड येऊन उभे राहिले.

"तिच्या भल्यासाठी केलं, साहेब. कोळ्याच्या घरात देऊ का मुलगी?"

पुढे कंपनीचं उत्तरही तेच आलं: धमक्या त्याच घरातून गेल्या होत्या. वडिलांवर गुन्हा दाखल झाला. यार्डाच्या साहेबांना मी स्वतः भेटलो आणि मुलाची मुलाखत पुन्हा झाली.

तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो, परक्या कॉम्प्युटरने पासवर्ड 'लक्षात ठेवू का?' विचारलं की 'नाही' म्हणा. एवढं सांगता येतं. पण त्या दिवशी मुलगी वडिलांना जे म्हणाली, त्यावर माझ्याकडे आजही उपाय नाही.

"बाबा, मी घाबरून पुन्हा पुन्हा दाराची कडी बघायचे. तुम्ही म्हणायचात, झोप, मी आहे ना."

कडी तिने नीटच लावलेली असायची.