धूर दाखवायचा राहिला

रामटेके सर गेल्याचं लाखनीच्या आमच्या महाविद्यालयातल्या शिपायानं फोनवर कळवलं. माजी प्राचार्य म्हणून शोकसभेचं अध्यक्षपद माझ्याकडेच आलं. एक वक्ता म्हणाला, "प्रयोग फसला, पण माणूस चांगला होता." सभेनं माना हलवल्या. मीही हलवली... त्याचीच लाज वाटून हे लिहितो आहे.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. मागास भागातल्या महाविद्यालयांना ऊर्जा संशोधनासाठी सरकारी अनुदान मिळू लागलं होतं. आमच्याकडे त्या लायकीचा एकच माणूस होता, भौतिकशास्त्र शिकवणारा अड्याळचा देवानंद रामटेके. राईस मिलच्या मागे धानाच्या कोंड्याचे ढीग कुजत पडत. त्या कोंड्यापासून जळाऊ वायू करणारं यंत्र त्यानं कॉलेजमागच्या शेडमध्ये उभं केलं. उन्हाळ्यात ते छान चाले. पावसाळ्यात कोंडा ओल धरी, मग नुसता धूर, आणि नळ्या डांबरानं तुंबत. तो म्हणे, "कोरड्या कोंड्यावर कोनाचंही यंत्र चालते सर. आपला कोंडा ओला हाय, हाच तर आपला अभ्यास."

पुढचं अनुदान ठरवायला समिती आली ती भर भाद्रपदात. "येऊ द्या, धूरच दाखवू त्यायले," असं हसत म्हणून तो पाहुण्यांना आणायला महामार्गावर गेला. मला मात्र घाम फुटला. साहेब येणार म्हटलं की फुटकं ते झाकायचं, भिंतीला चुना मारायचा, हीच आमची रीत. मी शिपायाकडून यंत्रातला कोंडा उपसून घेतला आणि बिनधुराचा कोरडा लाकडी कोळसा भरवला.

निळी, स्वच्छ ज्योत निघाली. समितीनं टाळ्या वाजवल्या. रामटेकेनं एकदा ज्योतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चारचौघांत तो आपल्या प्राचार्याला खोटं पाडणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर मी...

पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, "सर, तुमी माहा प्रश्नच चोरला."

"अनुदान पक्कं झालं ना बे! कायले रडून राहिला?" मी म्हणालो.

यंत्र सिद्ध झालं, आता संशोधनाची गरज उरली नाही, असं समितीनं ठरवलं. अनुदान थांबलं. यंत्र एका राईस मिलमध्ये बसवलं गेलं आणि पहिल्याच पावसाळ्यात तुंबलं. मिलवाला चौकात ओरडला, "मास्तरनं सरकारले उल्लू बनवलं!" पोरं रामटेकेला 'धूरमास्तर' म्हणू लागली. मी एक वाक्य बोललो असतो तर त्याचं नाव वाचलं असतं आणि माझी खुर्ची गेली असती. मी खुर्चीत बसून राहिलो. त्यानं पुन्हा कधी अनुदान मागितलं नाही.

परवा अड्याळला रामटेकेच्या घरी गेलो. अंगणात ताडपत्रीवर कोंडा वाळत होता आणि त्याची बायको, आमच्या वहिनी, तो हातानं परतत होत्या. घरामागच्या लहानशा भट्टीवर तो शेवटपर्यंत खटपट करत होता म्हणे. आता भट्टी थंड आहे, पण हाताची सवय जात नाही.

मी म्हणालो, "वहिनी, मी पेपरात लिहितो. तो किती मोठा होता, ते..."

"मोठा-गिठा नोका लिहू, सर. ते होते तवा तुमाले मोठे दिसले नाही." त्यांचा हात थांबला नाही. "पोरीच्या सासरी अजून हासतात, तुह्या बापानं सरकारले फसवलं म्हून. त्या दिवशी यंत्रात काय होतं, कोनं भरलं, तेवढंच लिहा."

यंत्रात कोळसा होता. तो मी भरवला होता. रामटेकेचा कोंडा शेडमागे पावसात पडला होता.