उडणारा गुरू पाहून मी हसलो

मंडळी, आज मान खाली घालूनच लिहितोय.

आमच्या कुंभकोणमच्या घरी सध्या लिन नावाची चिनी पाहुणी उतरलीय. स्वामीमलैला मूर्ती कशा ओततात ते शिकायला आलीय.

दुपारी तिनं हौसेनं त्यांच्याकडचा तलवारबाजीचा सिनेमा लावला. असला सिनेमा मी जन्मात पाहिला नव्हता. म्हातारा गुरू कौलांवरून उडत थेट नदीपलीकडे गेला आणि मी पोट धरून हसलो. "अय्यो, काय थापा!"

लिननं आवाज कमी केला. "माझ्या आजोबांचा फार आवडता होता," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तिला मरुदानल्लूरच्या मठात भजनाला नेलं. भजनात मारुतीनं समुद्र ओलांडला तिथं झांजांचा कल्लोळ झाला आणि नेहमीसारखे माझे डोळे भरून आले.

"काय झालं?" तिनं हळूच विचारलं.

"त्यानं उडी मारली. अख्ख्या समुद्रावरून."

सांगतानाच माझी जीभ अडखळली. आता ती हसेल, म्हटलं. हसली असती तर फिट्टंफाट तरी झाली असती.

तिनं हात जोडले. "पोचला ना सुखरूप?"

तो सिनेमा पुन्हा लाव, असं तिला सांगायचंय. कुठल्या तोंडानं सांगू, तुम्हीच बोला.