कागदावर ‘नाही’ लिहिलंय

वीज गेली की माणसाला आधी राग येतो आणि मग मेणबत्ती आठवते. तो पहिला राग ज्यांच्या कानावर येऊन आदळतो, त्या आमच्या वहिनी. गल्लीतली वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. वीज कंपनीच्या तक्रार कक्षात, कानाला हेडफोन लावून, अर्धं आयुष्य गेलं त्यांचं. समोर टेबलाच्या काचेखाली प्रश्नांचा कागद. मेन स्विच चालू आहे का? शेजारी लाइट आहे का? कुठे ठिणगी, धूर दिसला का? याच क्रमानं विचारायचं, मध्ये काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही, कारण सगळे फोन रेकॉर्ड होतात आणि साहेब मधूनमधून ऐकतात. पलीकडचा माणूस सांगत असतो, बाई, घरात म्हातारी आजारी आहे हो, पंख्याशिवाय तिचा जीव कासावीस होतो. वहिनी म्हणतात, हो काका, मेन स्विच चालू आहे का? यात निर्दयपणा काही नाही. दिवसभर इतकी माणसं कानात ओरडून जातात, की प्रत्येकासाठी हळहळायचं म्हटलं तर डबा खायच्या वेळेपर्यंतच बाई आडवी होईल.

घरी येईपर्यंत कान किटलेले असत आणि डोकं भणभणत असे. अशा बाईनं या वयात विद्यापीठात नाव घालावं, तेही ऑनलाइन, हे कुणाला खरं वाटलं नसतं. पण मानसशास्त्र केलं तर शाळेत समुपदेशकांच्या हाताखाली काम मिळतं, असं मामेबहिणीनं सांगितलं आणि वहिनींनी ते मनावर घेतलं. “शिव्या खाण्यापेक्षा दुःख ऐकलेलं बरं,” त्या म्हणाल्या. “निदान समोरचा माणूस खाली बसून तरी बोलेल.”

बाकीचे विषय त्यांनी कसेबसे रेटले. संख्याशास्त्रानं तर नाकी नऊ आणले. पण अपसामान्य मानसशास्त्र, म्हणजे मनाच्या आजारांचं शास्त्र, सुरू झालं आणि बाईंना गोडी लागली. भांडी घासताना कानात व्याख्यान, बसमध्ये व्याख्यान, कपडे वाळत घालताना व्याख्यान. झोप अनावर झाली की डोळ्यांवर गार पाणी मारायचं आणि पुढचा व्हिडिओ लावायचा. ज्या आठवड्यात जो धडा, त्या आठवड्यात तो आजार घरात हजर. चिंतेचा धडा आला तेव्हा त्यांना स्वतःचीच छाती धडधडताना ऐकू यायला लागली. पुन्हा पुन्हा तेच करत राहण्याच्या आजाराचा धडा आला तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार सापडला, कारण तो कुलूप लावल्यावर ते ओढून बघतो, चार पावलं जातो आणि परत येऊन ओढून बघतो. “आई, त्याला चोरांची भीती आहे, बाकी काही नाही,” लेक म्हणाली. लेक कॉलेजात होती आणि आई विद्यार्थिनी झाल्याचा तिला भलताच चेव चढला होता. अभ्यास झाला नसेल तर टीव्ही बंद, असं ती आईला येता-जाता ऐकवायची.

शिकवणाऱ्या मॅडम पडद्यावर खांद्यापर्यंतच दिसत. दर तासाला त्या बजावत, की घरच्या माणसांना तपासायला जाऊ नका, फार जवळचं नीट दिसत नाही. वहिनी मान डोलवत आणि वहीत लिहून घेत.

आता दादांचं सांगायला हवं. दादा म्हणजे वहिनींचे मिस्टर. छापखान्यात मशीन चालवायचे. छापखाना बंद पडला आणि ते घरी बसले. या माणसाच्या अंगात नकला ठासून भरलेल्या. छापखान्याचे मालक, घरमालकीण, खुद्द वहिनी, कुणाला म्हणून सोडायचे नाहीत. वहिनी दारात पाऊल टाकतात न टाकतात तोच आतून त्यांच्याच आवाजात यायचं, हो काका, मेन स्विच चालू आहे का? छापखाना बंद झाल्यावरही सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना हसतच सांगितलं, की मला सुट्टी लागली. स्वयंपाक शिकले, फरशी आरशासारखी ठेवायला लागले. पण अलीकडे दाढी वाढलेली असायची. दुपारभर ते आवाज बंद करून टीव्हीसमोर बसायचे. नकला आता मागाव्या लागत. वहिनींना हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण थकलेलं माणूस जे दिसतं ते उद्यावर टाकतं, आणि उद्याही ते थकलेलंच असतं.

“माझा धडा कधी येतोय?” दादांनी एकदा जेवताना विचारलं.

“तुमचा धडा कसला, तुमचा वेगळा ग्रंथ निघेल,” वहिनी म्हणाल्या, आणि तिघंही हसली.

मग प्रात्यक्षिक आलं. रुग्णाची मुलाखत कशी घ्यायची ते करून दाखवायचं, त्याचं चित्रीकरण करायचं आणि पाठवायचं. रुग्ण अर्थातच खोटा, घरातल्या कुणालाही बसवा. विद्यापीठानं दोन कागद दिले होते. एकावर विचारायचे प्रश्न. दुसऱ्यावर रुग्णाची माहिती, म्हणजे त्यानं काय उत्तरं द्यायची ते. रुग्ण होता एक कापडदुकानदार. लग्न न केलेला, खोलीत एकटा राहणारा, धंदा बुडालेला. झोप येत नाही, भूक लागत नाही, कशात मन रमत नाही. आणि अगदी खाली, ठळक अक्षरांत: मरणाचे विचार, नाहीत.

रुग्णाच्या भूमिकेला दादांशिवाय दुसरं कोण? रविवारी सकाळी लेकीनं मोबाइल पुस्तकांवर टेकवून उभा केला, पडदा ओढला, खुर्च्या समोरासमोर मांडल्या. दादांनी आपला कागद एकदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. वहिनींनी आपला मांडीवर उघडा ठेवला. प्रश्न सुरू झाले. झोप कशी आहे? दादांनी खांदे पाडले आणि आवाज असा काही खाली आणला की लेक तोंडावर हात धरून हसू दाबायला लागली. वहिनी मनातून खूश. एक-एक प्रश्न पुढे सरकत होता, क्रम चुकत नव्हता. शेवटचा प्रश्न आला. आपण नसतो तर बरं झालं असतं, मरून जावं, असं कधी मनात येतं का?

“येतं,” दादा म्हणाले. “सकाळी तुम्ही दोघी गेल्या की येतं. घर आवरून होतं आणि मग काही उरतच नाही. मग दिवसभर तेच.”

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘हो’ आलं तर पुढे आणखी पानभर प्रश्न विचारायचे असतात, आणि त्यांची तयारी त्यांनी केलीच नव्हती. शिवाय चित्रीकरणाला दिलेला वेळ संपत आलेला, उद्या सकाळची पाळी, आणि हे पाठवायची मुदत आजचीच.

“तुम्हाला ना, नाटक कर म्हटलं की अंगातच येतं,” त्या म्हणाल्या. “कागदावर ‘नाही’ लिहिलंय. वाचलंत ना? मग नाही म्हणा की सरळ. माझ्या मार्कांची वाट लावाल.”

दादांनी बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरं.”

लेकीनं पुन्हा चित्रीकरण सुरू केलं. वहिनींनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. शेवटच्या प्रश्नाला दादा म्हणाले, “नाही.” लेकीनं ते पाठवून दिलं, वहिनींनी सुटकेचा श्वास टाकला आणि दादा उठून चहा करायला गेले.

निकाल आला तेव्हा वहिनी कामावर होत्या. डबा खाता खाता मोबाइल उघडला. गुण बरे होते, पण दोन कापले होते आणि खाली मॅडमनी लिहिलं होतं, शेवटचं ‘नाही’ तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत आलं. असं तयार ‘नाही’ आलं की थांबावं आणि पुन्हा विचारावं. तुम्ही पुढे गेलात.

वहिनींना संताप आला. म्हणजे कागदाप्रमाणे वागा आणि वर बोलणीही खा. ऑफिसात तेच, इथेही तेच. त्यांनी तिथल्या तिथे उत्तर टाइप करायला घेतलं. मॅडम, ‘नाही’ हे उत्तर तुम्हीच दिलेलं होतं. उलट पहिल्या वेळी आमच्या घरच्यांनी मनानंच काहीतरी सांगितलं, की तुम्ही दोघी गेल्या की

बोट तिथेच थांबलं. कापडदुकानदार एकटा राहणारा होता. त्याच्या घरात दोघी कुठून आल्या?

वहिनींनी अर्धवट उत्तर तसंच ठेवलं. त्यांनी घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. डबा तसाच उघडा टाकून त्या उठल्या. साहेब म्हणाले, पाळी संपायची आहे, फोन कोण घेणार? “तुम्ही घ्या,” वहिनी म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी साहेबांना असं उत्तर दिलं नव्हतं. वहिनी जिना उतरून गेल्या. बसची वाट बघवेना म्हणून टॅक्सी केली. वाटभर फोन लावत होत्या. ही बाई रोज परक्या माणसांना तुमच्याकडे अंधार आहे का विचारते, आणि घरचा माणूस समोर बसून सांगत होता तर त्याला गप्प केलं. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दार दादांनीच उघडलं. अंगात कालचाच शर्ट, हातात पोछा. वहिनी उंबऱ्याशी चपलांच्या बाजूलाच बसल्या.

“आज इतक्या लवकर?” दादा म्हणाले. “ऑफिसचीच वीज गेली वाटतं.”

“फोन का नाही उचलला?”

“आत राहिला असेल. काय झालं?”

“त्या रविवारी तुम्ही आधी हो म्हणालात.”

“नाटक होतं ते.”

“मग त्यात आम्ही दोघी कशा आलो?”

दादांनी पोछा बादलीत ठेवला. हात पुसले. मग तेही समोर भिंतीला टेकून खाली बसले. वहिनींनी तोच प्रश्न विचारायचा ठरवला, पण पाठ केलेलं वाक्य काही आठवेना. “मरावंसं वाटतं तुम्हाला?” असं त्यांच्या तोंडून कसंतरी निघालं.

दादांनी बाहीनं फरशीवरचा एक थेंब पुसला. वहिनी थांबल्या. काही सुचवलं नाही, घाई केली नाही.

“हो,” दादा म्हणाले. “त्या दिवशी तू चिडलीस ना, तेव्हा मला एका परीनं बरंच वाटलं. म्हटलं, चला, विचारून झालं हिचं. आता पुन्हा कुणी विचारणार नाही.”

वहिनी ढसाढसा रडल्या. इतके महिने वाचलेलं, ऐकलेलं, वहीत उतरवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. एवढंच लक्षात होतं, की या माणसाला आता एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांकडे न्यायचं. त्यांनी दादांचा ओला हात धरला तो लेक कॉलेजातून येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. मनोविकारांच्या डॉक्टरीणबाई लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या दिसत होत्या, आणि त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. दादा नीट उत्तरं देत होते. मग डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “कधी असं वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं?”

दादांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांनी मान वळवून वहिनींकडे पाहिलं. काय म्हणू, असं ते नजरेनंच विचारत होते, मुकाट्यानं, सवयीनं. कुठलं उत्तर दिलं म्हणजे ही चिडणार नाही, ते त्यांना हवं होतं.

वहिनींना वाटलं, याच्याऐवजी त्यांनी आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खरं ते सांगा, असं म्हणायला त्यांनी ओठ उघडले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तेही आपणच सांगितल्यासारखं होईल. त्या उठल्या, पर्स घेतली आणि बाहेर गेल्या. दार मागून ओढून घेतलं.

बाहेर बाकावर बरीच माणसं नंबराची वाट बघत होती. एकानं सरकून जागा दिली. दाराआड आधी काहीच ऐकू येईना. मग दादांचा आवाज आला, हळू, मध्येच अडखळणारा, कुणाचीही नक्कल नसलेला. शब्द कळत नव्हते. तो थांबेल म्हणून वहिनी धास्तावून ऐकत राहिल्या, आणि तो चालूच राहिला.