आलेच काकू

आमच्या पूनम सागरच्या बिल्डिंगमध्ये आलेच काकूंना अख्खा कप चहा पिताना कुणीच पाहिलं नव्हतं. दोन घोट झाले की खालच्या कुत्र्या-मांजरांच्या आवाजाने त्यांचे कान टवकारायचे, "आलेच हं!" म्हणून त्या उठायच्या आणि साय धरलेला कप तसाच राहायचा. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे ते कप धुवायचं काम माझ्याकडे. मी वैतागायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा टाकायचे.

जिन्याखाली काळी कुत्री व्यायली, चार पिल्लं झाली, तेव्हा तर काकूंच्या पायाला भिंगरीच लागली. पिल्लं दुडुदुडु चालायला लागली आणि लॉबीभर मुताची थारोळी दिसू लागली. सेक्रेटरी भडकले. "काकी, ये लॉबी है के नाला? मीटिंग तक नहीं सुधरे तो टेंपो बुलाके सबको वरसावे छोड आऊंगा!" काकू फणकारल्या, "आपका चिंटू कब सीखा था? भाभीजी को पूछूं क्या?" तोंड असं चाललं, पण घरी येऊन त्यांना घास गिळवेना. वरसावेच्या हायवेवर एवढीशी पिल्लं कशी जगणार होती?

मग सुरू झाली शिकवणी. पिल्लांच्या गोणपाटापासून लांब पेपर अंथरायचा आणि खाली कालच्या ओल्या पेपरचा तुकडा ठेवायचा, म्हणजे वासाने जागा कळते. "उठलं की उचल, खाल्लं की उचल, खेळता खेळता थांबलं की उचल," हा काकूंचा मंत्र. एखादं जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की काकू धावल्याच. पेपरवर झालं की शाबासकी आणि उकडलेल्या अंड्याचा कण. वॉचमन एकदा पिल्लाचं नाक त्याच्याच थारोळ्यात घासायला निघाला, त्याच्यावर त्या कडाडल्या, "घासू नकोस रे! उद्यापासून लपून करेल." माझी भाची एकदा घरात गोल गोल फिरत होती. काकूंनी सवयीने तिलाही उचलून दाराबाहेर नेलं.

पेपर रोज थोडा गेटकडे सरकायचा. मीटिंगच्या दिवशी सेक्रेटरी वाकून वाकून बघून गेले, लॉबी कोरडी ठणठणीत. टेंपो टळला. तीन पिल्लांना भराभर घरं मिळाली. चौथा भुरा, सगळ्यांत लहान, गोडदेव गावच्या एका ताईंनी नेला आणि दुसऱ्याच दिवशी पिशवीत घालून परत आणला.

"गुनाचा हाय वो काकू," ताई म्हणाल्या, "पन पेपर बघला का त्याला ऱ्हावत न्हाय. सुका जवला निवडाया पेपर अंथरला, त ह्यो मधीच बसला!"

काकूंनी कपाळावर हात मारला. मीटिंग पार पडली त्या आनंदात पेपर गेटपाशीच थांबला होता, मातीपर्यंत पोचलाच नव्हता. बाकीची तिघं डायनिंग टेबलवाल्यांकडे गेली, तिथे जमिनीवर पेपर अंथरत नाहीत, म्हणून निभावलं होतं.

काकूंनी बिल्डिंगमागच्या बदामाच्या झाडाखाली मातीवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यातच त्यांचा गुडघा गेला. मुलगी त्यांना नाशिकला न्यायला निघाली, आणि तिच्या सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं. "भुऱ्याचं कोण बघेल?" काकू दूधवाल्यापासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारत फिरत होत्या. मला सोडून. खरं सांगते, मला फार लागलं ते.

निघायच्या सकाळी त्या भुऱ्याला घेऊन चहाला आल्या. खाली मुलीची गाडी उभी. भुरा खुर्चीखाली झोपलेला. मी कप दिला, स्वतःचा घेतला, एवढ्यात भुऱ्याने आळस दिला, जमीन हुंगली आणि गोल फिरायला लागला. मी काकूंकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अगं, उठलंय ते," म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

मी भुऱ्याला उचलून जिना उतरत सुटले. बदामाखाली ठेवला तर पठ्ठ्याने मातीवरच केलं. मी शाब्बास म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

वर आले तर काकू तिथेच बसलेल्या, कप तळापर्यंत रिकामा. माझ्या कपावर साय धरली होती. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"गार झालाय," म्हणाल्या. "आता सवय कर."